बोर्डाखालचा पितळी खुंट

‘बरं झालं’ या दोन शब्दांवर माझा जो राग आहे तो इतक्या वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही. कोणाचं दुखणं गेलं, कोणाच्या पोरीचं लग्न जमलं, तर बरं झालं म्हणतात, ते ठीक आहे. पण माझा कम्प्युटर जळाला तेव्हा माझ्याच घरची माणसं एकामागून एक हे म्हणाली. त्यानंतर मी काय काय केलं ते सांगते. त्यात शहाणपण फार थोडं आहे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे अगदीच पोर. आज ती पोर समोर आली तर मी तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेऊन तिला आधी पाणी प्यायला लावीन.

आमचं घर भंडाऱ्यात. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो निवृत्त झाला. मुलगा पुण्यात, कम्प्युटरच्याच कामात. आणि मी घराच्या पुढच्या खोलीत बसून लग्नपत्रिका लावते. लावते म्हणजे मजकूर टाईप करते, नावं मांडते, भोवती वेलबुट्टी बसवते आणि छापखान्यात पाठवते. आमच्या बौद्धांतला मंगल परिणय असो, दुसऱ्यांचा शुभविवाह असो, नामकरण असो की तेरवी, तुमसर-पवनीकडून लोक येतात. कारण एकच. माझ्या पत्रिकेत कोणाचं नाव राहत नाही. कोणती आत्या वरच्या ओळीत पाहिजे, कोणत्या मामाला काकाच्या खाली टाकलं तर मांडवात फुगून बसेल, हे मला विचारून घेता येतं. लोक सांगत नाहीत, पण मी चहा पाजून काढून घेते.

पूर्वी मी कोर्टासमोरच्या एका दुकानात टाईपरायटरवर अर्ज टाईप करायची. टायपिंगची परीक्षा पास झाले तेव्हा गल्लीतून अशी चालायची, जणू कलेक्टरची सही माझ्याकडून तपासून घेतल्याशिवाय बाहेर जात नाही. वेणीला रिबीन आणि नाक वर. नालीत पाय गेला एकदा, तरी नाक खाली आलं नाही. सांगायचं एवढंच की स्वतःबद्दल जरा जास्तच वाटण्याची खोड जुनी आहे, पासष्टीला नव्यानं लागलेली नाही.

माझा कम्प्युटर मोठ्या नातवापेक्षा वयानं मोठा. त्यात मराठीचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते बनवणारी मंडळी केव्हाच दुकान गुंडाळून गेली. मशीनच्या पाठीमागं बोटाएवढी एक चावी खोचलेली असते, ती असली तरच ते उघडतं, आणि चालतंही फक्त त्या जमान्याच्या मशीनवर. नव्या लॅपटॉपवर ते बसत नाही, हे मुलानं एका दिवाळीत स्वतः करून पाहिलं होतं. म्हणजे मशीन गेलं की माझे फॉन्ट गेले, इतक्या वर्षांचे पत्रिकांचे साचे गेले, आणि माझी बोटं ज्या अक्षरांवर न पाहता जातात तो हातही गेला. थोडक्यात, काम गेलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते शब्द मला एवढे लागले.

त्या वर्षी मशीन फार हळू झालं होतं. एक नाव टाईप करावं, तर ते पडद्यावर उमटेपर्यंत नवरदेवाची दाढी वाढेल. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आई, आता किती दिवस करशील, सोड ना. मी विषय बदलला आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक तरणा मुलगा हिंदीत सांगत होता की रॅम बढ़ाइए, कम्प्युटर नया हो जाएगा, दो मिनट का काम है. त्यानं हिरवी पट्टी उचलली, खाचेत ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, टक्क आवाज आला, झालं. मला वाटलं, एवढंच? पोळी लाटायला याहून जास्त अक्कल लागते.

बाजारातल्या एका कम्प्युटरच्या दुकानातून मी जुनी पण चालू पट्टी आणली. दुकानदार म्हणाला, काकू, मशीन घेऊन या, बसवून देतो. मी म्हटलं, मी बसवते. ही वाक्यं मी आज लिहिते आहे, तर लिहिता लिहिता कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. मशीन दुकानात गेलं की चार दिवस परत येत नाही, सिझन तोंडावर आहे, हे कारण मी घरी सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे मला तो टक्क आवाज स्वतःच्या हातून काढायचा होता.

दुपारी नवरा झोपला होता. मी चटईवर पेपर अंथरला, कम्प्युटरचा डबा आडवा केला, झाकण काढलं. आतली धूळ पाहून स्वतःचीच लाज वाटली, म्हणून रंगाच्या ब्रशनं झाडून घेतली. मग आधीची पट्टी काढून आणलेली खाचेत ठेवली आणि अंगठ्यांनी दाबली. टक्क काही होईना. जास्त दाबलं, तर आतला तो मोठा हिरवा बोर्ड मधोमध खाली वाकू लागला. पापडासारखा. आता हा मोडतो, असं वाटून मी हात काढला.

इथं थांबले असते तर ही गोष्ट लिहायची गरज पडली नसती. पण माझा बाप पितळेच्या कारखान्यात मजूर होता. पाण्याचे गुंड आणि स्वयंपाकाचे गंज ठोकायचा. लहानपणी मी त्याच्याजवळ बसायची. पत्र्यावर जिथं हातोडी पडते तिथं खालून लोखंडाचा आधार पाहिजे, नाहीतर भांड्याला पोचा पडतो. त्यानं हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. वरून दाब द्यायचा आहे ना, मग खाली आधार दे. भंडाऱ्यातल्या पितळवाल्याच्या पोरीला याहून सरळ गोष्ट कोणती दिसणार?

मी स्क्रू काढून पूर्ण बोर्ड बाहेर काढला. पाहते तर डब्याच्या तळाला छोटे छोटे सहा कोनांचे खुंट बसवलेले, आणि तेही पितळेचे. बोर्ड त्यांच्यावरच टेकलेला असतो. मला काय आनंद झाला. म्हणजे कम्प्युटर बनवणाऱ्यांनाही माझ्या बापाचंच तंत्र माहीत आहे, फक्त मधोमध एक खुंट ठेवायला विसरले, असं वाटलं. जुन्या स्क्रूंच्या पिशवीत तसाच एक खुंट पडून होता. तळाला मोकळं भोकही होतं, नेमकं त्या खाचेच्या खाली. मी तो खुंट तिथं पक्का आवळला, बोर्ड परत ठेवला, वरून जोर लावून पट्टी दाबली. टक्क.

आज मला ठाऊक आहे की बोर्डाला जिथं भोक आहे तिथंच खुंट असतो, बाकी ठिकाणी तळाची भोकं दुसऱ्या मापाच्या बोर्डासाठी असतात. बोर्डाच्या पाठीवर झाळलेली बारीक टोकं आणि केसासारख्या तांब्याच्या रेघा असतात. त्यांच्यावर पितळ टेकवून वरून अंगठ्यांनी दाबलं तर काय होतं, हे कोणाही समजदार माणसाला कळेल. पण त्या दिवशी चटईवर समजदार माणूस नव्हता, मी होते.

बटन दाबलं. पंखा जरासा फिरला आणि थांबला. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला. नवरा आतून उठून आला, त्यानं काही न विचारता भिंतीवरचं बटन बंद केलं आणि दारात उभा राहून म्हणाला, ‘‘झालं?’’

संध्याकाळी मुलाला सांगितलं. मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं, चूक माझीच होती. पण फोनमधून एक मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. घरातलं एखादं जड सामान खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. आणि तो म्हणाला, ‘‘बरं झालं आई. एकदाचं झालं.’’ मग म्हणाला, लॅपटॉप मागवतो, नातवंडांशी बोल, सिरियल पाहा. सुनेनं फोन घेतला. तीही म्हणाली की बरं झालं, तुमच्या डोळ्यांना किती त्रास व्हायचा. माझ्या डोळ्यांबद्दल मी कधी कोणाजवळ तक्रार केली नव्हती. चष्मा डोळ्यांसाठीच असतो.

फोन ठेवला. मशीन जळाल्याचं दुःख एका बाजूला राहिलं. माझ्या हातून माझं काम गेलं आणि माझ्या पोराला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे एवढी वर्षं ते वाट पाहत होते. सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मशीन आपोआप मरण्याची वाट पाहत होते, आणि मीच ते त्यांच्यासाठी मारून दिलं. स्वतःवर इतका राग मला त्या नालीत पाय गेला तेव्हाही आला नव्हता.

सिहोऱ्याच्या एका बाईची पत्रिका अर्धी लावून झाली होती. पोरीचं लग्न होतं. ती पत्रिका दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर गोष्ट पसरली असती की भंडाऱ्याच्या बाईचं मशीन बंद पडलं, आता ती काम करत नाही. असं एकदा पसरलं की त्या सिझनचं नाही, कायमचंच काम जातं. लोक वाईट नसतात, पण लग्नघरी कोणाला थांबायला वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी बोर्ड टॉवेलात गुंडाळून आम्ही दोघं त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं बोर्ड हातात घेतला, वास घेतला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहून विचारलं, ‘‘काका, आतून कोणी हात लावला होता काय याले?’’

माझा नवरा म्हणाला, ‘‘मी लावला. जरा खोलून पाहिलं.’’

मी त्याच्या शेजारी उभी. माझ्या हातात चष्मा, खांद्यावर पर्स. दुकानदार हसला आणि त्यालाच म्हणाला की या वयात कायले असे उपद्व्याप करता काका, आणि हे आता डेड आहे, याचा बोर्ड बाजारात भेटत नाही, भंगारात देऊन टाका. सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून चाललेलं, जणू मी दुकानातला टेबलफॅन आहे. दोन गिऱ्हाईकंही ऐकत होती. नवरा मान हलवत होता, शांतपणे, एसटीत पंचवीस प्रवाशांच्या शिव्या ऐकून घेतल्यासारखा.

मी म्हटलं, ‘‘हात मी लावला.’’

‘‘असू द्या काकू,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘असू द्या कसं? पट्टी तुमच्याकडून मी नेली. बसवली मी. जाळला मी. तं आता माह्याकडं पाहून सांगा, काय झालं त्याले.’’

तो गडबडला. मग पहिल्यांदा त्यानं बोर्ड पालथा केला. पाठीवर खरचटल्याचा एक गोल डाग होता, मध्ये तांबं चमकत होतं, आजूबाजूला काळं. तो म्हणाला, याच्या खाली खुंट लावला होता काय मधात? मी हो म्हटलं. तो म्हणाला, त्यानंच रेघा कापल्या आणि शॉर्ट झालं, हे दुरुस्त होत नाही. हे त्यानं माझ्याकडे पाहून सांगितलं. बातमी तीच, वाईटच. पण ती माझी होती आणि मला मिळाली.

ऑटोत बसलो. बोर्ड टॉवेलात, माझ्या मांडीवर. चौक ओलांडला आणि मला राहवलं नाही.

‘‘तुम्ही काहून म्हटलं तुम्ही हात लावला म्हणून?’’

‘‘तो तुले चार लोकांत बोलला असता.’’

‘‘बोलू द्या न. बोलण्यासारखंच केलं मी.’’

‘‘मले आयकवत नाही तुले कोणी बोललं तं.’’

हे ऐकून एखादी बाई विरघळली असती. मला अजून जास्त राग आला. जाळलं मी, तर चूक माझी, आणि चूक माझी तरच मशीनही माझं, कामही माझं. चूक नवऱ्यानं उचलून स्वतःच्या खिशात टाकली, तर मी काय उरले? सिरियल पाहणारी काकू. हे मी त्याला ऑटोत, ऑटोवाला आरशातून पाहत असताना, बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. आणि शेवटी टोमणा मारला की तुम्हालेही मनातून बरंच वाटलं असन.

तो बाहेर पाहत म्हणाला, ‘‘वाटलं.’’

मी मांडीवरचा टॉवेल परत नीट गुंडाळला.

‘‘लग्नाचा सिझन आला का मी एकटा जेवतो,’’ तो म्हणाला. ‘‘नोकरीत होतो तं डेपोत जेवलो. आता घरी आहो, तं घरीही एकटाच. तू तिकडं टकटक करून राहते, मी इकडं भात खाऊन राहतो. पोरगा बरं झालं म्हणे, तं मलेही वाटलं, बरं झालं बाप्पा.’’

खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. खरं बोलणाऱ्याशी काय भांडणार, आणि मला तर भांडायचं होतं. मी इतकी वर्षं समजत होते की याला एकटं, शांत जेवायला आवडतं. पूर्ण दिवस माणसांच्या गर्दीत तिकिटं फाडलेला माणूस, त्याला शांतता पाहिजे असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं, त्याला न विचारता. लोकांच्या आत्या-मामांचा मान कोणत्या ओळीत आहे ते मला बरोबर समजायचं, आणि भिंतीपलीकडचा माणूस काय म्हणून राहिला आहे हे ऐकू येत नव्हतं. अशी हुशार मी. ते कळलं तरी राग गेला नाही, उलट आता त्याला जागाही सापडेना. घरी जाऊन मी भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

संध्याकाळी सिहोऱ्याच्या बाईला फोन केला. पत्रिकेला उशीर होईल, मशीन जळालं, मीच जाळलं, असं सरळ सांगितलं. ती दुसरीकडे जाईल अशी मनाची तयारी करूनच बोलले. तिनं विचारलं, कोणतं मशीन आहे तुमचं? मी सांगितलं. ती म्हणाली की तिच्या दिराचं गावात नेट कॅफे होतं, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले तसं बंद पडलं, आणि त्याची जुनी मशीनं धानाच्या पोत्यांसोबत कोठीत पडून आहेत. असलं त्यातलं काही तर येऊन घेऊन जा.

सकाळी मी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश आणि आपला जळका बोर्ड घेतला, सोबत पाहायला. नवऱ्याला फक्त सांगितलं की सिहोऱ्याले जाऊन राहिली. बसस्टँडवर पाहते तर तो चप्पल घालून हजर. आमचं बोलणं बंदच होतं. बसमध्ये तो पुढं कंडक्टरच्या सीटजवळ जाऊन बसला आणि तुमसरपर्यंत त्याच्याशी डेपोच्या गोष्टी करत राहिला. मी मागं खिडकीजवळ, मांडीवर पिशवी. तुमसरला गाडी बदलली, तिथंही तसंच. त्या दोन्ही कंडक्टरांना वाटलं असेल की ही बाई त्याच्या ओळखीची नाही.

कोठीत अर्धी धानाची पोती आणि अर्धे कम्प्युटर. वरून धानाची बारीक धूळ, सगळं पिवळं दिसत होतं. बाईचा दीर बनियनवर बाहेर आला. त्यानं आम्हा दोघांना पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, ‘‘कोणतं पायजे काका? खोलून पहा.’’

मी तोंड उघडलं होतं, पण त्याआधीच माझा नवरा बोलला. ‘‘मले नका विचारू. मले त्याचं बटन कुठं आहे तेही नाही समजत. ह्या पाहतीन, त्यायलेच विचारा.’’ आणि तो एका पोत्यावर जाऊन बसला. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. पण स्क्रू-ड्रायव्हर पिशवीतून काढताना तो एकदा माझ्या हातातून पडला, हे कबूल करते.

पहिल्या डब्यात उंदरांनी कागदांचं घरटं केलेलं. दुसऱ्याचा बोर्ड वेगळ्या मापाचा. तिसरा डबा उघडल्यावर मी आपला बोर्ड त्याच्या शेजारी ठेवून पाहिला. खाचा तिथंच, भोकं तिथंच, कोपऱ्यातलं छापलेलं नावही तेच. पाठ पालथी करून चष्म्यातून आणि चष्म्याच्या वरून, दोन्हीकडून पाहिली. कुठं काळं नव्हतं. पंख्यासकट, आतल्या चिपसकट पूर्ण बोर्ड काढून घेतला. दिराला विचारलं, काय द्यायचं? तो म्हणाला, वहिनीची पत्रिका वेळेवर द्या म्हणजे झालं, नाहीतर ती मले घरात राहू देणार नाही. मग माझे हात काळे झालेले पाहून त्यानं विचारलं, ‘‘हे तुम्हाले कोणं शिकवलं?’’

‘‘जाळून शिकली,’’ मी म्हटलं.

पोत्यावरून खोकल्यासारखा आवाज आला. माझा नवरा हसला होता.

परतीच्या गाडीत तो माझ्याच सीटवर बसला, पण बोलणं तरी बंदच होतं. काही राग असे असतात की ते सुरू का झाले ते माणसाला आठवतं, पण थांबवायचे कसे ते शिकवलेलं नसतं.

घरी आल्यावर मी घाई केली नाही. पलंगावर चादरीची जाड घडी केली, त्यावर बोर्ड ठेवला आणि रॅमची पट्टी आधीच, बोर्ड बाहेर असतानाच, त्यात बसवली. खाली चादर, वर अंगठे, टक्क. इतकं सोपं होतं. डब्याच्या तळातला तो जास्तीचा खुंट काढला, प्रत्येक खुंट बोर्डाच्या भोकाखाली आहे की नाही हे बोट फिरवून पाहिलं, मग बोर्ड ठेवला. काढलेला खुंट फेकला नाही. पितळ आहे, पितळ कोण फेकतं?

नवी आणलेली पट्टी मात्र जुन्या बोर्डासोबतच जळाली होती. म्हणून बसवली ती माझी आधीचीच, काढून ठेवलेली पट्टी. म्हणजे एवढं सगळं करून, वास, फोन, दुकान, ऑटो, दोन एसट्या आणि उंदीर पाहून झाल्यावर कम्प्युटर होता तितकाच हळू. पण सुरू झाला. पडदा उजळला, डब्यातली डिस्क धडधाकट निघाली, पाठीमागची चावी त्यानं ओळखली, आणि सिहोऱ्याच्या मुलीचं नाव जिथं सोडलं होतं तिथंच, अर्ध्या ओळीत, उभं होतं. मी खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ काही टाईप केलं नाही.

मुलाचा फोन आला. लॅपटॉप निघाला आहे, म्हणाला. मी म्हटलं, परत पाठव, मशीन चालू आहे. कोणी केलं, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आई, तू रागावली आहेस का?’’ त्याला वाटलं असेल, मी नाही म्हणेन. आया म्हणतात ना, नाही रे बाळा. मी म्हटलं, ‘‘हो, रागावली आहे. तुम्ही लोकं मले विचारत नाही अन् परस्पर सुटलो म्हणता.’’ त्याच्या मागं सुनेचा आवाज आला, काय झालं म्हणून. मी फोन ठेवला. चार दिवसांनी त्यानंच परत केला. तेव्हा त्यानं लॅपटॉपचं नाव काढलं नाही, सिझन कसा चालू आहे ते विचारलं. उत्तर मी दिलं, पण थोडक्यात.

मशीन सुरू झालं त्याच संध्याकाळी मी पत्रिका पूर्ण करायला बसले. वधूचे मामा होते तीन, आणि त्यातल्या कोणाला वर घ्यायचं याचा गुंता सुटत नव्हता. नवऱ्यानं आतून हाक दिली, ‘‘जेवाले ये.’’

‘‘तुम्ही जेवा,’’ मी म्हटलं.

आतून ताट ठेवल्याचा आवाज आला. मग स्टूल ओढल्याचा आवाज, फरशीवरून घासत घासत, पुढच्या खोलीपर्यंत. त्यानं स्टूल माझ्या खुर्चीशेजारी टेकवलं, मांडीवर ताट घेतलं आणि जेवायला लागला. वरण-भात, वांग्याची भाजी. मी पडद्याकडेच पाहत होते. त्यानंही पडद्याकडे पाहिलं, घास चावत एक एक नाव वाचलं, आणि विचारलं की हे मधातले मामा म्हणजे तेच का, ती बाई सांगत होती ते रेल्वेतले? मी म्हटलं, रेल्वेतले शेवटचे. तो म्हणाला, नोकरीवाले शेवटी काहून? मी म्हटलं, वयानं लहान आहेत, आणि तुम्ही शितं सांडाल, मागं सरका.

तो मागं सरकला नाही. मी कीबोर्ड त्याच्या ताटापासून दूर, माझ्याकडे ओढून घेतला आणि मोठ्या मामांचं नाव टाईप करायला घेतलं.